हिरवा पडदा

"थोडं वाका, काकू. ती पाटावर बसलीय ना, मग तुमचा हात खाली यायला पाहिजे. हां, तसंच. आता समजा, इथं वृषालीचा गाल आहे."

"कुठं?"

"इथं. माझं बोट आहे तिथं."

मी बोट काढून घेतलं आणि कॅमेऱ्यामागं गेले. शालनकाकू वाकून उभ्या होत्या. उजव्या हाताची हळदीनं माखलेली बोटं त्यांनी पुढं केली होती आणि त्या बोटांसमोर काहीच नव्हतं. मागं आमच्या स्टुडिओतला हिरवा पडदा, पायाशी वायरींचा गुंता. हवेला हळद लावणारी बाई मी त्याआधी पाहिली नव्हती. माझा स्वभाव असा, की एरवी मी खदाखदा हसले असते. त्या दिवशी हसू आलं नाही.

"हसा की जरा. लेकीची हळद आहे."

"हसायचं व्हय?" काकूंनी विचारलं आणि खरंच हसायला गेल्या. ते हसू बघून मीच म्हटलं, राहू दे, नाही हसलात तरी चालेल.

खरं तर हळद होऊन दहा-बारा दिवस झाले होते. लग्न लागलं होतं, मांडव उतरला होता, भाड्याची भांडीसुद्धा परत गेली होती. राहिला होता तो अल्बम.

तेव्हा मी विट्यात किसनदादांच्या फोटो स्टुडिओत कामाला होते. दादा लग्नात फोटो काढायचे आणि मी कॉम्प्युटरवर बसून त्यांचे अल्बम करायची. बढाई मारत नाही, पण तालुक्यातल्या निम्म्या नवऱ्या माझ्या हाताखालून गोऱ्या होऊन सासरी गेल्या. नवरदेवाचं पोट आत घ्यायचं, आत्याबाईंचा मिटलेला डोळा उघडायचा, रुसून बसलेल्या भावाला दुसऱ्या फोटोतून उचलून आणून रांगेत उभं करायचं, ही माझी रोजची कामं. जगात न सुधारता येण्यासारखं काही असतं, यावर माझा तेव्हा विश्वासच नव्हता.

वृषाली पाचपरतावण्याला माहेरी आली होती. तिचा नवरा गलाईवाला. आमच्याकडची माणसं जुनं सोनं-चांदी आटवून शुद्ध करायच्या या धंद्यात देशभर पांगलीत. त्याचं दुकान केरळात, त्रिचूरला. येत्या सोमवारी दोघं निघणार होती. निघायच्या आधी अल्बम कसा झालाय बघायला म्हणून ती आली, आणि हळदीच्या पानावर येऊन थांबली.

"ताई, ह्यात आई कुठाय?"

फोटो तसा झकास होता. मध्ये पाटावर वृषाली, भोवती पाच सवाष्णी, आणि सगळ्यांत पुढं तिची चुलती सोनाकाकू तिच्या गालाला हळद लावतेय. मी म्हणून गेले, "हळदीत आई कशी असेल?"

"का?" वृषाली म्हणाली. उत्तर तिला माहीत होतं, मलाही माहीत होतं. तिचे वडील ती तीन वर्षांची असतानाच गेले. पांढऱ्या कपाळाच्या बाईनं लेकीच्या हळदीला पुढं यायचं नसतं. शालनकाकू त्या दिवशी परसात चुलीपुढं बसून वऱ्हाडाच्या भाकरी थापत होत्या. नंतर मी किसनदादांनी काढलेले सगळे फोटो चाळले. एका फोटोत दाराच्या चौकटीशी त्यांचं कोपर आणि पदराचं टोक सापडलं. चार दिवसांच्या लग्नात आईचं एवढंच काय ते आलं होतं.

"तुम्ही जोडप्याच्या मागं ताजमहाल लावता," वृषाली म्हणाली, "बर्फाचे डोंगर लावता. आमच्या गल्लीतल्या संगीताला तर तुम्ही कमळात बसवलीय. मग मला माझी आई नाही लावता येत?"

"येते की." मला काय, मी असल्या कामाला एका पायावर तयार. मी तिला समजावलं. भरतकामाच्या नक्षीचे पातळ कागद असतात ना, खालचं दिसतं तसले? तसे कॉम्प्युटरात एकावर एक ठेवायचे, त्याला लेअर म्हणतात. खालच्या लेअरवर तुझा हळदीचा फोटो. वरच्यावर आईचा. आईच्या मागचा पडदा तेवढा पुसून टाकायचा, की आई तुझ्याजवळ उभी. "फक्त काकूंना इथं घेऊन ये. फोटो नवा काढावा लागेल."

दुसऱ्या दिवशी ती एकटीच आली.

"आई नाही म्हणते. माझा हात लागला आणि जावयाला काही झालं तर, म्हणते."

"अगं, पण हात लागतोय कुठं? फोटो तर आहे."

"मी तेच म्हटलं. ऐकत नाही. मग मी पण सांगितलं, आई नसलेला अल्बम मी नेणारच नाही, पडू दे तिकडं दुकानात धूळ खात."

या धमकीनं काम केलं. शुक्रवारी दुपारी दोघी आल्या. त्यांना पायऱ्या चढताना पाहूनच किसनदादांनी भिंतीवरचा हिरवा पडदा खाली सोडला, दिवे लावून दिले आणि ते एका साखरपुड्याच्या ऑर्डरला निघून गेले.

वृषालीनं पिशवीतून हिरव्या बांगड्या काढल्या. काकू एकदम मागं सरल्या.

"हे ठरलं नव्हतं."

"हळद लावणाऱ्या बाईचा हात रिकामा कसा असंल, आई? कुंकवाचं मी काय म्हणाले का तुला? एवढ्या बांगड्या घाल. फोटोपुरत्या."

काकूंनी माझ्याकडं पाहिलं. मी कशाला मध्ये पडू, मी साबणाची वडी आणून दिली. शेतात राबलेला हात, त्यात वीस वर्षांत काच शिरलेली नाही. बोटांची हाडं ओलांडेना. वृषाली घामाघूम झाली तेव्हा कुठं एका मनगटात सहा-सात गेल्या, एक मात्र तडकली. "वाढली गं," काकू चटकन म्हणाल्या, आणि आपण सवाष्णीसारखं बोललो हे ध्यानात येऊन गप्प झाल्या. पण थोड्या वेळानं मी कॅमेरा लावत असताना पाहिलं, त्या आमच्याकडं पाठ करून उभ्या होत्या आणि हात हळूच हलवून बांगड्यांचा आवाज ऐकत होत्या.

मग ते हवेला हळद लावणं सुरू झालं. कितीतरी फोटो काढले, एक धड येईना. कधी हात आकाशाला, कधी नजर माझ्यावर. शेवटी मी वैतागले. "वृषाली, तूच बस समोर स्टुलावर. काकूंना अंदाज येईल. मी नंतर तुला काढून टाकते."

वृषाली बसली. तिनं गाल पुढं केला. काकूंनी हात असा मागं ओढला, की पडदा हलला.

"ऊठ तू."

"लाव की. आता आलीयच इथवर तर लाव थोडी."

"ऊठ म्हणते ना! खरीखुरी न्हाई लावायची मी."

वृषाली उठली. तिचा चेहरा बघवेना. "मी टेलरकडनं ब्लाऊज घेऊन येते," ती म्हणाली आणि चप्पल घालून जिना उतरून गेली. काकू त्या रिकाम्या स्टुलाकडं बघत राहिल्या, हात अर्धवट पुढं करून. मी पुढं होऊन गुपचूप स्टूल ओढून घेतलं आणि बटण दाबलं. तो फोटो मात्र लाखात एक आला. लेकीकडं बघणारी आई जशी दिसते, तशीच काकू त्यात दिसत होत्या.

"दाखवता मला? कसं करता ते?" काकूंनी विचारलं. मला असं कुणी विचारलं की मूठभर मांस चढायचं. त्यांना शेजारी खुर्ची दिली. फोटो कॉम्प्युटरवर घेतला, हळदीचा फोटो त्याच्याखाली ठेवला. "आता गंमत बघा हं. हा पडदा आहे ना मागचा? मी फक्त हिरवा रंग निवडणार, ही कळ दाबणार, की पडदा गायब."

कळ दाबली. पडदा गेला. मागं मांडव आला, सवाष्णी आल्या, पाटावर वृषाली आली आणि तिच्या गालाशी काकूंचा हात. पण तो हात नुसताच होता. मनगटाच्या जागी भगदाड पडलं होतं आणि त्यातून खालच्या फोटोतली कुणाची तरी साडी दिसत होती. पंजा एकीकडं, कोपर एकीकडं.

पडद्याबरोबर बांगड्या गेल्या होत्या.

"अगंबाई," मी म्हणाले, "थांबा, थांबा, काही झालं नाही." उलटी कळ दाबली. बांगड्या परत आल्या, पडदाही परत आला. पुन्हा पुसलं, दोन्ही गेली. काकू कॉम्प्युटरकडं बघत होत्या, मग स्वतःच्या हाताकडं. हातात बांगड्या होत्या.

"असं का झालं?"

"हिरव्या पडद्यापुढं हिरवं काही चालत नाही, काकू. मशीनला दोन्ही एकच वाटतं. म्हणून तर नवरी आली, सवाष्णी आल्या की आम्ही निळा पडदा सोडतो, हिरवा चुडा असतो ना हातात. हिरवा पडदा पुरुषांना, पोरांना आणि..."

मी जीभ चावली, पण उशीर झाला होता.

"आणि माझ्यासारखीला," काकू म्हणाल्या.

किसनदादा वाईट माणूस नव्हते. काकूंचं कपाळ त्यांना जिन्यातच दिसलं आणि हात सवयीनं हिरव्या पडद्याच्या दोरीकडं गेला. पिशवीत बांगड्या असतील हे त्यांना स्वप्नात तरी कसं यावं? हे मी काकूंना सांगितलं. वर म्हणाले, "मी हातानं कडा कापून बसवते बांगड्या. वेळ लागेल एवढंच."

"नगं." त्या शांतपणे म्हणाल्या. "तुमच्या मशीनला कुणी शिकवलंवतं का हे?"

"छे हो. त्याला काय कळतंय? त्याला फक्त रंग कळतो."

"तेच म्हणते मी. त्येला काय बी कळत न्हाई, तरी बरोबर त्येवढंच काढून घेतलं बघा. माणसानं केलं असतं तर मी भांडले बी असते."

मी काहीबाही बोलत राहिले. काकूंचं लक्ष नव्हतं. त्या सांगायला लागल्या, मला की स्वतःला कोण जाणे.

"ह्यांचं तिकडंच झालं, वरंगलला. गलाईच्या दुकानात. कावीळ झालीवती. मयत बी आली न्हाई, नुसती खबर आली. सोनाबाईनं हात धरला आणि उंबऱ्यावर बांगड्या फोडल्या. ही वृषाली बारकी, बाजूला बसून काचा गोळा करत व्हती खेळायला. हिरव्या काचा लई आवडायच्या तिला. मला म्हणली, आये, आणखी फोड."

त्या उठल्या. मोरीत जाऊन साबण लावून त्यांनी एकेक बांगडी उतरवली. हळदही धुतली गेली.

वृषाली ब्लाऊज घेऊन आली तेव्हा काकू पदराला हात पुसत होत्या. काय झालं ते मी सांगितलं. मला वाटलं, आता रडारड होणार. ती उलट थंड झाली.

"आई नको म्हणते ना? मग काढा तिला."

प्रत्येक लेअरपुढं एक बारीक डोळा असतो. त्यावर टिचकी मारली की तो मिटतो आणि ते चित्र दिसेनासं होतं. मी टिचकी मारली. काकू गेल्या.

"आता सोनाकाकूला काढा."

"अगं, त्या मूळ फोटोतच आहेत. त्यांना कापून मागं भिंत भरावी लागेल."

"मग भरा. सगळ्यांना काढा."

पोरगी हट्टाला पेटली होती, आणि खरं सांगायचं तर माझाही हात शिवशिवत होता. एकेक सवाष्ण पुसत गेले, मांडवाच्या कापडाचे तुकडे उचलून त्यांच्या जागी चिकटवत गेले. शेवटी पाटावर एकटी वृषाली राहिली. गालाला हळद, मान वर केलेली, हसतेय, आणि आजूबाजूला चिटपाखरू नाही.

"अगं, असं करू नगं," काकू म्हणाल्या. "एकटी नवरी पाटावर... बघवत न्हाई."

"बघ. असाच नेणार मी."

"अवलक्षण हाय ते!"

"तुझा हात लागला तरी अवलक्षण, कुणाचाच लागला नाही तरी अवलक्षण. मग मी करू तरी काय? तूच सांग. बाप तर मला फोटोत पण माहीत नाही. एवढी एक आई हाय, ती पण चुलीपाशी बसून राहिली." आता मात्र तिचा आवाज फुटला. "लग्नात तुला किती शोधलं मी, माहितीय?"

काकू बराच वेळ त्या एकट्या नवरीकडं बघत बसल्या.

"घाला मला," त्या म्हणाल्या.

"बांगड्या बसवू ना?"

"नगं. हाय तशी घाला. आणि सोनाबाईला बी परत आणा. तिला तरी काय हौस व्हती का?"

मी सगळ्यांना परत आणलं. मग काकूंच्या मनगटाचं भगदाड बुजवायला बसले. त्यांच्याच हाताची कातडी जरा वरून उचलली आणि खाली आणून जोडली. सावली दिली, एक शीर काढली. पाच सवाष्णींच्या घोळक्यात ते उघडं मनगट लेकीच्या गालापर्यंत गेलं, आणि कुणाला सांगूनही खरं वाटलं नसतं की ते तिथं कधी नव्हतं. वृषालीनं आईच्या खांद्यावर डोकं ठेवलं. मी दर थोड्या वेळानं "सेव्ह करते हं" म्हणत होते, तसं शेवटचं एकदा केलं. त्या संध्याकाळी मी गाणं गुणगुणत घरी गेले. आपण फार मोठं काम केलं असं वाटत होतं. सोमवारी अल्बम त्रिचूरला गेला.

दसरा झाला असेल. भर उन्हात काकू जिना चढून आल्या. धाप लागली होती, पदर अर्धा खांद्यावर, अर्धा हातात.

"जावयाला कावीळ झालीय. डोळं पिवळंजर्द झाल्यात म्हणं. वृषालीचा फोन आलावता."

मी पाणी दिलं. त्यांनी ते हातात धरून ठेवलं.

"मला काढा."

"काकू, इथून काढून काय होणार? अल्बम तिकडं आहे."

"इथनंच गेला ना तिकडं? मूळ इथं हाय. मूळ उपटलं की वरचं आपुआप वाळतंय."

मी पुष्कळ समजावलं. गलाईच्या दुकानात बाहेरचं खाणं, बाहेरचं पाणी, कावीळ कुणालाही होते, औषधानं बरी होते. त्या मान हलवत होत्या, पण मला तेव्हाच कळलं की मी त्यांच्याशी नाही, वरंगलच्या त्या काविळीशी बोलत होते. तिच्यापुढं माझं काय चालणार?

फोटो उघडला. काकू त्यात होत्या, लेकीकडं बघत. मी डोळ्यावर टिचकी मारली. त्या गेल्या.

"झालं, काकू."

"न्हाई. मिटलेला डोळा परत उघडतोय. त्या दिवशी बघितलंय मी. मुळातनं काढा."

त्यांचा लेअर ओढत खालच्या कचऱ्याच्या डब्यापर्यंत नेला आणि सोडला.

"आता हाय का मी कुठं?"

"नाही."

"सेव्ह करा," काकू म्हणाल्या.

दुसऱ्या नावानं एखादी प्रत ठेवली असती तर त्यांना कळलंही नसतं. पण त्या माझ्या बोटांकडं श्वास रोखून बघत होत्या. कुणाचा तरी जीव माझ्या हातात आहे असं माझ्याकडं आयुष्यात कुणी पाहिलं नव्हतं, पुढंही नाही. मी सेव्ह केलं. त्यांनी ते पाणी तेव्हा प्यायलं, गटागटा.

"वृषालीला बोलू नका," जाताना म्हणाल्या.

जावयाची कावीळ महिनाभरानं उतरली. उतरायचीच होती ती, तरणाताठा माणूस, डॉक्टर होते, औषधं होती. काकू पेढे घेऊन आल्या. त्यांचा चेहरा इतका हलका, इतका सुखी मी त्याआधी पाहिला नव्हता. आपण कोण आहोत आणि आपल्या हातात काय आहे, याची त्यांची आता पुरती खात्री पटली होती, आणि ती पटवून देणारी मीच होते.

"बघितलंसा?" पेढा माझ्या तळहातावर ठेवून त्या म्हणाल्या. "तुमच्या हाताला गुण हाय, बाई."

त्या समोरच उभ्या होत्या, माझ्या तोंडाकडं बघत. मी पेढा खाल्ला.